उजव्या अंगावर कलणारी बोट

ट्रिम टॅबचा खोका शेठनी दुबईहून येताना सोबतच आणला होता. आत स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या, त्या खाली-वर करणारे दोन इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर, बटणांची पाटी आणि वायरींची गुंडाळी. बोट २४ फुटी, खोल व्ही तळाची, मागे २५० हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड इंजिन. शेठचं घर अलिबागच्या बाजूला, त्यामुळे शनिवार-रविवार गेटवे ते मांडवा ही तिची ठरलेली वाट. फोनवर त्यांनी काम एका दमात सांगितलं, "मिस्त्री, बोट उजवीकडे कलते. दोन पट्ट्या तेवढ्या लावून द्या. होळीला पाहुणे आहेत."

मी रेवसच्या बाजूला फायबरच्या बोटींचं आणि इंजिनांचं काम करतो. टॅब बसवणं मला आवडतं, कारण इतक्या साध्या वस्तूने बोटीचा स्वभाव बदलतो. बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला आम्ही ट्रान्सम म्हणतो. तिच्या तळाशी, दोन्ही कोपऱ्यांजवळ, बिजागरीवर एकेक पट्टी बसते. धावत्या बोटीत पट्टी खाली झुकवली की तळाखालून येणारं पाणी तिच्यावर आदळून खाली वळतं आणि बोटीचा तो कोपरा उचलला जातो. दोन्ही पट्ट्या खाली केल्या तर मागचा भाग उचलतो आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, खाली बसतं. वेग घेताना, साधारण १२ ते १८ नॉटच्या दरम्यान, अशा बोटी नाक आभाळाकडे करून धावतात आणि चालवणाऱ्याला समोरचं पाणी दिसतच नाही. मुंबई बंदरात ज्याने बोट चालवली आहे त्याला हे सांगायला नको. पुढे जाळ्याचा बोया आहे की छोटी होडी, हे नाळ खाली आल्याशिवाय कळत नाही.

पण हे सगळं धावत्या बोटीचं. उभ्या बोटीला टॅबचा काडीचा उपयोग नाही, कारण पट्टीवर आदळायला पाणीच नसतं. म्हणून शेठनी "कलते" म्हटल्यावर मी फोन ठेवून नानांना विचारलं. नाना म्हणजे त्या बोटीचे तांडेल, बोट चालवणारे. आमच्याच पट्ट्यातले, वयाने माझ्या वडलांच्या बरोबरीचे.

"नाना, धावताना कलते की उभी असतानाही?"

"जेट्टीला बांधली तरी उजव्या अंगावरच झोपते. आधी एवढी नव्हती. दिवाळीपासून वाढलं."

हे ऐकलं आणि मी खोका बाजूला ठेवला. धावताना बोट कलण्याची कारणं बरीच आहेत. माणसं एका बाजूला बसली, प्रोपेलरच्या फिरण्याचा ओढा आला, आडवा वारा लागला. खोल व्ही तळाच्या बोटी तर वारा ज्या बाजूने येतो त्याच बाजूला कलतात. वारा नाळ ढकलतो, तांडेल तिला सरळ ठेवायला वाऱ्याकडे स्टिअरिंग वळवतो, आणि बोट त्या वळणात झुकते. यावर टॅब हाच चांगला उपाय. पण बांधलेल्या जागी कलणारी बोट कुठेतरी वजन घेऊन उभी असते. ते वजन शोधल्याशिवाय टॅब लावले, तर धावताना ती सरळ दिसेल आणि खरं दुखणं झाकलं जाईल.

खाडीचं पाणी निवांत असताना आम्ही बोटीतलं सगळं सामान उतरवलं. बॅटऱ्या, नांगर, साखळी, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेटं, सगळंच. पेट्रोलची टाकी मधोमध होती, तिचा संबंध नव्हता. मग दोन्ही बाजूंना कठड्यापासून पाण्यापर्यंत टेप धरली. रिकाम्या बोटीतही उजवी बाजू दोन इंच खाली होती.

उधाणाच्या भरतीला बोट काठाशी आणली, हायड्रा क्रेनच्या पट्ट्यात घालून वर घेतली आणि लाकडी ओंडक्यांवर ठेवली. धुऊन, शेवाळ खरवडून रात्रभर तशीच सोडली. सकाळी सगळा ट्रान्सम खडखडीत वाळलेला होता. फक्त उजव्या बाजूला तळाजवळ एका स्क्रूखाली तपकिरी ओघळ होता, ओला.

तो स्क्रू होता खोली मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्या ब्रॅकेटचा. काही वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलेला, आणि नेमका जिथे माझा उजवा टॅब यायचा तिथे. ब्रॅकेट काढायला म्हणून स्क्रूड्रायव्हर लावला, तर स्क्रूला पकडच नव्हती. उरलेले दोन बोटांनी फिरवून निघाले. भोकांच्या तोंडाशी बाथरूममध्ये लावतात ते पांढरं सिलिकॉन फासलेलं होतं, तेही नखाने सुटलं. मागोमाग पाणी आलं, थेंब थेंब, कुजक्या वासाचं. भोकात तार घातली ती आडवी आत सरकली. घट्ट लाकडात तार अशी जात नाही.

फायबरच्या बोटीचा ट्रान्सम भरीव फायबरचा असतो असं बऱ्याच मालकांना वाटतं. आतबाहेर फायबरचे थर आणि मधे दीड-दोन इंच जाडीचं प्लायवूड अशी त्याची घडण जुन्या बोटींत सर्रास सापडते. फायबर कुजत नाही, प्लायवूड कुजतं. पाण्याखालच्या एका भोकाला नीट सील नसलं की पाणी थरांमधून पसरत जातं आणि बाहेरून बोट चकचकीत दिसत राहते. मी प्लास्टिकच्या हातोडीने डावीकडून ठोकत आलो. डावीकडे टणटणीत आवाज. मध्याच्या पुढे, इंजिनाच्या उजव्या बोल्टच्या खालपासून, आवाज बसका झाला तो थेट उजव्या कोपऱ्यापर्यंत.

त्या ट्रान्समवर अडीचशे किलोहून जास्त वजनाचं इंजिन टांगलेलं होतं. आणि नुसतं टांगलेलं नाही, पूर्ण वेगात ते तिथूनच बोटीला ढकलतं.

शेठना फोनवर हे पटलं नाही. ते स्वतः आले. मी जास्त बोललो नाही, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि डावीकडून सुरुवात करायला सांगितलं. आवाज बदलला तिथे ते थांबले, परत मागे जाऊन ठोकून पाहिलं. त्यांना कळलं होतं. तरी म्हणाले, "पट्टी दोन इंच वर सरकवा, लांब स्क्रू मारा, चांगलं सील करा. हे बाकीचं पावसाळ्यात बघू. तेव्हा बोट उभीच असते."

त्यांची अडचण मला समजत होती. पाहुण्यांना शब्द दिलेला, खर्च अचानक अंगावर आलेला. पण टॅबच्या पट्टीवर धावत्या पाण्याचा सतत दाब असतो. कुजक्या लाकडातल्या स्क्रूंवर तो दाब दिला तर पट्टी उपटून निघेल आणि भोकं उघडी राहतील, तीही पाण्याखाली, भर समुद्रात. मी म्हटलं, "शेठ, हे काम मी करणार नाही. दुसरा कुणी करेलही. पण इंजिन ज्या लाकडाच्या भरवशावर आहे ते लाकूड संपलंय."

ते तडकले. दुसऱ्या कारखान्यात नेतो म्हणाले. नाना तोवर ओंडक्यावर बसून ऐकत होते. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "शेठ, कुठंही न्या. पण अशी बोट पोरंबाळं बसवून मी चालवायचो नाही." पगारी माणसाने मालकाला तोंडावर हे सांगायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. मी नकार दिला तर माझं एक काम जाणार होतं, नानांची नोकरीच पणाला होती. शेठ बराच वेळ खाडीकडे बघत राहिले. मग विचारलं, "किती दिवस?" होळी त्यांनी त्या वर्षी लाँचने येऊन केली.

इंजिन उतरवलं. बाहेरचा फायबर शाबूत होता, तो तसाच ठेवून आतला थर ग्राइंडरने कापला. प्लायवूड चहाच्या चोथ्यासारखं हाताने निघालं. उजवीकडच्या फळीखाली पोकळीत भरलेला फोमही भिजलेला होता. पाणी ट्रान्सममधून तिथवर झिरपलं होतं, आणि कलण्याचं कारण तेच. हा फोम पाणी पीत नाही असं सांगतात, पण वर्षानुवर्षं पाण्यात बसला तर पितो. एक घनफूट पाणी म्हणजे २८ किलो. आम्ही पोत्यांत भरून बाहेर काढलेल्या फोमचं वजन एका मोठ्या माणसाइतकं भरलं. ते वजन बोट महिनोन्‌महिने उजव्या कुशीत घेऊन फिरत होती.

मग सुकवणं. या टप्प्यावर घाई करणारा माणूस पुढची सगळी मेहनत वाया घालवतो, कारण ओलसर पृष्ठभागावर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन, धरत नाही. उन्हात, पंख्यासमोर, दिव्याखाली ठेवून ठेवून आतली बाजू कोरडी केली. आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायवूड दोन थरांत कापलं, कडांना आधी पातळ इपॉक्सी पाजलं आणि घट्ट केलेल्या इपॉक्सीत दाबून बसवलं. वरून शिवलेलं बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या काचधाग्यांचं, कापड. नेहमीची चॉप मॅट, म्हणजे काचधाग्यांच्या तुकड्यांची चटई, इथे मुद्दाम टाळली. तिचे धागे धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, म्हणून मॅट नीट भिजत नाही. दोन्ही एकच समजून काम उरकलेलं मी पाहिलंय, आणि ते थर नंतर सुटलेलेही पाहिलेत.

यानंतर खोका उघडला. टॅब निवडताना बोटीच्या दर फुटामागे एका टॅबची रुंदी एक इंच असा ढोबळ हिशोब धरतात. म्हणजे इथे २४ इंच रुंद आणि ९ इंच लांब. शेठनी आणलेले १८ बाय १२ होते. आधी वाटलं लहान पडतील, पण क्षेत्रफळ दोन्हींचं २१६ चौरस इंचच. अरुंद टॅबमुळे प्रोपेलरपासून अंतरही मोकळं मिळालं. बाहेरच्या कडेपासून चार इंच आत आणि तळाच्या रेषेपासून साधारण पाव इंच वर बिजागरी धरली. ती तळाच्या खाली गेली तर टॅब वर असतानाही पाणी अडवत राहते.

भोकं पाडताना ड्रिल आधी उलटं फिरवलं, म्हणजे जेलकोट, फायबरवरचा चकचकीत थर, तडकत नाही. प्रत्येक भोक हवं त्यापेक्षा मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने भरलं, वाळल्यावर त्याच्या मधोमध स्क्रूचं बारीक भोक. असं केलं की स्क्रू लाकडाला शिवतच नाही. उद्या सील गेलं तरी पाणी इपॉक्सीपाशी थांबतं. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे, सील पॉलियुरेथेनचं. ॲक्च्युएटरच्या वायरी ट्रान्सममधून आत घेतल्या त्या पाण्याच्या रेषेच्या वर.

वीज जोडून बटणं दाबली तेव्हा माझ्या हाताखालचा पोरगा ओरडला, "दादा, वायरी उलट्या लागल्या!" डावं बटण दाबलं की उजवा टॅब खाली जात होता. ते तसंच असायला हवं. उजवा टॅब खाली गेला की मागचा उजवा कोपरा उचलतो आणि नाळेची डावी बाजू खाली बसते. बटण सांगतं ते नाळेचं. नानांना मी लक्षात ठेवायला सोपं करून दिलं, "जी बाजू वर आलीय, त्या बाजूचं बटण."

पाण्यात सोडल्यावर पहिल्यांदा टेप लावली. दोन्ही बाजू सारख्या. नाना टेपकडे बघून नुसते हसले.

चाचणी आम्ही मांडव्याच्या दक्षिणेला, खांदेरी-उंदेरीच्या बाजूच्या मोकळ्या पाण्यात घेतली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ फेरीबोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसं गेली. त्यानंतर प्रवासी बोटींच्या वाटेवर कसलीही चाचणी घ्यायला माझं मन धजावत नाही. लांब पडलं तरी चालेल.

टॅब वर ठेवून वेग घेतला तेव्हा नाळ उचलली आणि खांदेरीचा तट नजरेआड झाला. दोन्ही बटणं थोडी थोडी दाबत गेलो, तसा तट परत दिसू लागला आणि बोट आधीपेक्षा कमी वेगात पाण्याच्या पाठीवरून घसरू लागली. दुपारी वायव्येचा वारा चढल्यावर उत्तरेकडे तोंड केलं. बोट डावीकडे, वाऱ्याच्या अंगाला, कलली. नानांनी उजव्या बटणाला दोनदा टिचकी दिली आणि ती सरळ झाली. लाटा समोरून होत्या, नाळ त्या कापत होती, पाठीला दणके बसत नव्हते.

मग तोंड फिरवलं आणि लाटा मागून आल्या. नाना खुशीत होते, टॅब खालीच होते. मी लगेच म्हटलं, "नाना, वर घ्या, पूर्ण वर." मागून लाट येत असताना टॅब खाली असले तर नाळ पुढच्या लाटेच्या पाठीत रुतते आणि मागचा भाग आडवा फिरतो. बोट उलटण्याची सुरुवात तिथूनच होते. गेटवेहून दुपारी मांडव्याला येताना वारा-लाट बहुधा मागच्या अंगाला, परतताना समोर. म्हणून येताना टॅब वर, जाताना थोडे खाली. रिव्हर्स घेतानाही वर, नाहीतर पट्ट्या वाकतात. हे सगळं नानांनी मला परत म्हणून दाखवायला लावलं, आणि मग स्वतः म्हणून दाखवलं.

शेठचा शेवटचा प्रश्न ट्रान्सड्यूसरचा होता. त्यांना खोली दिसायलाच हवी, धरमतरच्या गाळात ते बरोबरच आहे. मी ट्रान्समवर जाड प्लास्टिकचा ठोकळा त्याच्यासाठीच्या चिकट्याने चिकटवला, टॅबपासून लांब, इंजिनाच्या बाजूला, आणि ब्रॅकेटचे स्क्रू त्या ठोकळ्यातच घेतले. पुढेमागे ट्रान्सड्यूसर बदलायचा झाला तर ठोकळ्यात नवं भोक पाडता येईल. ट्रान्समला ड्रिल लावायचं नाही, हे बिलाच्या खाली मोठ्या अक्षरात लिहून दिलंय.