तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे जाऊन मिळतं काय?

गेल्या महिन्यात एका प्रशिक्षणात तो प्रश्न पुन्हा आला. "ताई, तुम्ही दरवर्षी संयुक्त राष्ट्रांच्या त्या हवामान परिषदेला जाता. तिकडे जाऊन नक्की मिळतं काय?" विचारणारी मुलगी पंचविशीची, नुकतीच आमच्या क्षेत्रात आलेली. मी ठेवणीतलं उत्तर दिलं: प्रक्रिया संथ असते, पण आपला आवाज पोचवावा लागतो, वगैरे. तिने वहीत काहीच लिहिलं नाही. बोलताना मलाच कंटाळा आलाय हे तिला दिसलं असणार. म्हणून हे एकदा नीट लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच वाचायला देईन.

क्योटोच्या परिषदेत काय झालं, पॅरिसच्या परिषदेत काय ठरलं, हे तुम्हाला माहीत आहे. नसतं तर इतक्या खोचकपणे विचारलं नसतंत.

आधी विमानाचं मिटवू, कारण 'हवामान वाचवायला विमानाने जाता' हा टोमणा हमखास असतो. हो, विमानानेच जाते. वाटाघाटी एकाच वेळी दहा-बारा खोल्यांत चालतात. श्रीमंत देशाकडे प्रत्येक खोलीसाठी वेगळा माणूस असतो, त्याच्या पाठीशी वकील असतो आणि रात्री तीन वाजता त्याला झोपायला पाठवायचं तर बदली माणूसही असतो. छोट्या बेटावरच्या देशाचा मात्र एकच माणूस अनुकूलनाच्या, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या, खोलीतून उठून निधीच्या खोलीत पळत असतो. मसुद्यातला वादाचा मजकूर चौकोनी कंसात ठेवतात आणि कंस निघाले की एकमत झालं असं धरतात. कुठला शब्द कंसात गेला, कुठला सुटला, कुठला गुपचूप नाहीसा झाला, हे टिपून त्या पळणाऱ्या माणसाच्या कानात सांगायला कुणीतरी लागतं. ते मी करते. अहवालात याला 'धोरणात्मक पाठपुरावा' म्हणतात. प्रत्यक्षात हरकाम्याची नोकरी आहे.

यात मिरवण्यासारखं काही नाही, हे मलाही कळतं. पण 'फुकट हिंडायला मिळतं' असं कुणी म्हटलं की अजूनही अंगाचा तिळपापड होतो.

आता मुद्द्याचं. मराठीत 'नुकसान' म्हटलं की पाठोपाठ 'भरपाई' येतेच. नुकसानभरपाई हा आपल्याकडे अखंड शब्द आहे, मध्ये जागासुद्धा सोडत नाही आपण. या परिषदांत तीस वर्षं काय चाललंय, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, हा शब्द मधोमध कापायचं काम. १९९१ साली, हवामान बदलाच्या मूळ करारावर सह्या व्हायच्याही आधी, वानुआतूने छोट्या बेटांच्या गटातर्फे प्रस्ताव मांडला होता की समुद्र चढून जे नुकसान होईल त्यासाठी विम्यासारखा निधी उभारावा आणि वर्गणी श्रीमंत देशांनी भरावी. तो बाजूला पडला. २०१३ मध्ये वॉर्साच्या परिषदेत नुकसानासाठी यंत्रणा झाली, पैशाविना. २०१५ मध्ये पॅरिस करारात नुकसानाला स्वतंत्र कलम मिळालं, आठवं. आम्ही टाळ्या वाजवल्या. सोबतच्या निर्णयात ५१ वा परिच्छेद होता: या कलमाच्या आधारे कसलंही दायित्व किंवा भरपाई मागता येणार नाही. नुकसान मान्य, भरपाई नामंजूर.

त्या खोल्यांत 'भरपाई' उच्चारली की समोरची माणसं पेन खाली ठेवतात. रागावत नाहीत, आवाज चढवत नाहीत, फक्त पेन खाली ठेवतात. हे दोन-तीनदा पाहिलं की माणूस शहाणा होतो. आम्हीही झालो. आधी निवेदनांतून तो शब्द काढला, मग मसुद्यांतून, मग बोलण्यातून. नवीन आलेल्यांना मीच शिकवायची: 'पाठबळ' म्हणा, 'एकजूट' म्हणा, 'तो' शब्द नको. माझ्याइतकं सफाईने हे कुणी शिकवत नसेल.

आणि मग ग्लासगोची परिषद. तुम्ही परिषदांबद्दल विचारता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त तो शनिवार येतो, १३ नोव्हेंबर २०२१.

शुक्रवारी संपायची परिषद नेहमीप्रमाणे लांबली होती. कोविडचे दिवस. रोज सकाळी स्वतःची चाचणी करून निकाल दाखवायचा, मग आत. तोंडाला मास्क, त्यामुळे दोन आठवडे सगळ्यांचे फक्त डोळे पाहिलेले. जी-७७ गटाने, म्हणजे चीनसह १३० हून जास्त विकसनशील देशांनी, नुकसानासाठी वेगळी निधी-व्यवस्था मागितली होती. इतके देश एका कागदावर एकत्र येणं सोपं नसतं, तेलवाले आणि बुडणारे एकाच गटात असतात. शनिवारी सकाळी नवा मसुदा आला. ती व्यवस्था त्यात नव्हती. तिच्या जागी होता 'ग्लासगो संवाद', २०२४ पर्यंत निधीविषयी बोलत राहण्यासाठी.

तेव्हा मी एका बेटावरच्या देशाच्या माणसाला मदत करत होते. देशाचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. तो सरकारी वकील होता, शांत, बोलताना टेबलावरचे कागद कडेला कड लावून ठेवणारा. मसुद्याची छापील प्रत घेऊन तो एका जिन्याखाली आला. पलीकडे प्रदर्शनाचे स्टॉल उतरवत होते, स्क्रू काढायच्या यंत्राची घरघर चालू होती. त्याच्या गटाची बैठक वीस मिनिटांवर होती. त्याने विचारलं, "घ्यायचं की मोडायचं?"

मी तिथली कुणी नव्हते, हे आधी सांगते. त्याने आणखी चार जणांना विचारलं असेल. पण मला विचारलं आणि मी उत्तर दिलं. क्षणभरही थांबले नाही, याचंच आज जास्त वाटतं. म्हणाले, "घ्या. आत्ता मोडलं तर दोष तुमच्यावर येईल. दार तरी उघडं राहील." मनात आपलं दगडापेक्षा वीट मऊ.

तो म्हणाला, "दार उघडं आहे, पण खोली कुठे आहे?"

मी हसले. तो हसला नसावा. मास्कमुळे सांगता येत नाही. त्याने प्रतीच्या कडा सारख्या केल्या आणि गेला. दुपारी सभागृहात जी-७७ चा अध्यक्ष देश गिनी याने नाराजी नोंदवली, बेटांच्या गटानेही नोंदवली, आणि संवाद स्वीकारला गेला.

संध्याकाळचं तुम्ही बातम्यांत पाहिलंय. शेवटच्या घटकेला भारताच्या मंत्र्यांनी अंतिम ठरावाला दुरुस्ती वाचली, कोळसा 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'ची. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा आवाज दाटून आला. माझ्या शेजारी बसलेली युरोपातली एक सहकारी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या देशाने हे काय केलं?" माझी उत्तरं पाठ होती. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत चौदाच्या आसपास. आजवर हवेत सोडलेल्यापैकी जवळजवळ पाव वाटा एकट्या अमेरिकेचा. 'कमी करणं' हा शब्द तीनच दिवसांपूर्वी अमेरिका आणि चीनच्या संयुक्त घोषणेत आलेला. आणि त्या वाक्यात कोळसाच का, तेल आणि वायू का नाही? यातलं एकही अक्षर खोटं नाही. सगळं एका दमात सुनावलं तिला.

नंतर बाहेर क्लाईड नदीच्या कडेला थंडीत उभी होते तेव्हा लक्षात आलं, की कोळशाच्या एका शब्दासाठी मी दहा मिनिटं तावातावाने भांडले आणि सकाळी १३० देशांची मागणी गेली तेव्हा जिन्याखाली 'घ्या' म्हणून मोकळी झाले. अख्खं सभागृह कोळशावर हळहळलं. सकाळच्या गोष्टीसाठी कुणाचा आवाज दाटला नाही, माझाही नाही.

(कोळशाबद्दलही माझं मन साफ नाही. माणशी दोन टन ही सरासरी आहे. ज्यांच्या घरात एक दिवा लागतो आणि ज्यांच्या घरात सहा एसी चालतात, त्यांना एकत्र भागून आलेला आकडा. परदेशात मी तो ढालीसारखा वापरते आणि इथे त्याच्यावरच टीका करते. दोन्ही कामं मनापासून करते.)

तुम्ही म्हणाल, पण पुढे निधी झाला की. झाला. २०२२ मध्ये, पाकिस्तानातल्या त्या पुरानंतर, इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या परिषदेत पहाटे नुकसानासाठीच्या निधीचा निर्णय झाला. जी-७७ चं अध्यक्षपद तेव्हा पाकिस्तानकडेच होतं. मी अतिशय खूश होते. दार उघडं ठेवलं म्हणून झालं, असं ज्याला-त्याला सांगत होते. पुढच्या वर्षी दुबईत पहिल्याच दिवशी निधी सुरू करायचा ठराव झाला. परिषदेत मिळालेली आश्वासनं सुमारे ७० कोटी डॉलरची, त्यात अमेरिकेचे पावणेदोन कोटी. पाकिस्तानच्या एका पुराचं नुकसान ३,००० कोटी डॉलरच्या वर होतं. एकट्या पाकिस्तानचं, एका मोसमाचं.

मग मी बरोबर होते का? अडून बसले असते तर ग्लासगोतच मिळालं असतं, की काहीच मिळालं नसतं? निधी माझ्यासारख्यांच्या नमतेपणामुळे आला, की पाकिस्तानचा मोठा भाग पाण्याखाली गेल्यामुळे? दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी इतकं भांडले आहे की आता दोन्ही वकील माझ्याच खिशात आहेत.

२००९ मधली मी या भांडणात मधूनमधून येते. तेव्हा कोपनहेगनच्या परिषदेला बाहेरच्या रांगेत कित्येक तास थंडीत उभी होते. माणसं इतकी आली होती की शेवटी आमच्यासारख्या बिगर-सरकारी लोकांना आत सोडणंच जवळजवळ बंद केलं. ती मला म्हणते, तू दलाल झालीस. मी म्हणते, तू बाहेर घोषणा देत होतीस तेव्हा आत गरीब देशांना द्यायच्या शंभर अब्ज डॉलरचा आकडा ठरला. तो कुठून आला, कुणाच्या गरजेवरून काढला, कुणी विचारलं नाही. आत असतीस तर विचारलं असतंस. ती म्हणते, आत तू असतीस तर 'घ्या' म्हणाली असतीस. आणि ते शंभर अब्ज? २०२० पर्यंत दरवर्षी द्यायचे होते, श्रीमंत देशांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये भरले, आणि त्यातल्या सरकारी पैशातले सुमारे दोन तृतीयांश कर्जाऊ. घर बुडालेल्याने हप्ते फेडायचे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, तिच्याकडेही नाही.

२०२४ च्या बाकू परिषदेचं थोडक्यात सांगते. विकसनशील देशांनी मागितले वर्षाला १,३०० अब्ज डॉलर, कबूल झाले २०३५ पर्यंत वर्षाला ३००. ठराव संमत झाल्याचा हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी जाहीर आक्षेप घेतला. हॉटेलच्या खोलीत फोनवर पाहत होते, एकटीने टाळ्या वाजवल्या.

पण मला खरी चपराक बसली ती परिषदेबाहेरून. २०१९ मध्ये पॅसिफिकमधल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या काही मुलांनी ठरवलं होतं की हवामान बदलाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूने तो उचलून धरला. मी तेव्हा म्हणाले होते, चांगलं आहे, पण बारा-पंधरा वर्षं लागतील. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने मत दिलं. हवामानाबाबतची कर्तव्यं मोडणाऱ्या देशावर, कार्यकारणसंबंध सिद्ध झाला तर, पूर्ण परिमार्जनाची जबाबदारी येऊ शकते. त्यात भरपाईही आली. तो शब्द, जो मी पोराटोरांना वर्ज्य करायला शिकवत होते. मत सल्लागारी स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही, हे मला कुणी सांगायला नको. माझं पहिलं वाक्यही तेच होतं.

प्रशिक्षणातल्या त्या मुलीचं वय साधारण त्या मुलांएवढंच.

तर मिळतं काय? कंस मिळतात. कधी कंसातून सुटलेला शब्द मिळतो आणि चार-पाच वर्षांनी त्याच्यामागे थोडे पैसे येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या परिषदेत त्या नुकसान-निधीने पहिले अर्ज मागवले, सगळे मिळून २५ कोटी डॉलरचे. जिन्याखाली भेटलेल्या माणसाच्या देशानेही अर्ज लिहायला घेतलाय. त्याने मसुदा माझ्याकडे पाठवलाय, भाषा तपासून दे म्हणून. ग्लासगोबद्दल आम्ही कधीच बोललो नाही, आताही नाही. अर्ज चांगला आहे, आकडे चोख आहेत, परिशिष्टांच्या कडा त्याच्या कागदांसारख्याच जुळलेल्या.

दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत त्याने 'भरपाई' लिहिलंय. तिथे मी खूण करून ठेवली आहे, शब्द काढलेला नाही. शुक्रवारपर्यंत परत पाठवायचंय.