गळलेला 'एन' आणि माझे चार महिने

माझ्या बाबांचं नाव ज्ञानेश्वर. आजोबा वारकरी, गाव सासवडजवळ, माउलींची पालखी दिवे घाट चढून आली की आमच्या घरातून पिठलं-भाकरी जायची. त्यामुळे पहिल्या मुलाचं नाव दुसरं काही ठेवायचा प्रश्नच नव्हता. हे नाव इंग्रजीत लिहिताना महाराष्ट्रात आपण डी-एन-वाय लिहितो. माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर, पासपोर्टवर तसंच आहे. बीएस्सीच्या सहाही सेमिस्टरच्या गुणपत्रिकांवर मात्र मधला 'एन' नाही. पहिल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या ऑफिसात कुणीतरी नाव टाइप करताना तो गळला आणि पुढे सगळीकडे तसाच छापला गेला. तो परत मिळवायला मला जुलैचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य, एवढा वेळ लागला. याच काळात मी एकीकडे सैन्यात अधिकारी होण्यासाठी आणि दुसरीकडे जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करत होते. ज्यांना यातलं काहीही करायचं आहे, त्यांनी आज घरी जाऊन आपल्या गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर दहावीच्या प्रमाणपत्राशी ताडून बघा. बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल.

मी भूगोलाची विद्यार्थिनी. तीन वर्षं एनसीसीच्या सीनिअर विंगमध्ये होते, सी सर्टिफिकेट मिळालं, ए ग्रेड. आम्ही धायरीत राहतो, खडकवासला तिथून जवळ, त्यामुळे एनडीएचं, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं नाव लहानपणापासून कानावर. पण आमच्या बारावीनंतर माझ्या डोक्यात ते नव्हतं. ते आलं एनसीसीत, दुसऱ्या वर्षीच्या कॅम्पमध्ये, नकाशावाचनाच्या तासाला. त्याच वर्षी रिमोट सेन्सिंगचा पेपरही आवडला आणि मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गाला जायला लागले. दोन्ही गोष्टी मला खऱ्या मनापासून हव्या होत्या आणि आजही आहेत.

एनसीसीवाल्यांसाठी सैन्यात अधिकारी व्हायला स्पेशल एंट्री असते, हे कॉलेजातल्या बऱ्याच मुलामुलींना माहीतच नसतं. सगळे सीडीएस, सीडीएस (सैन्यातल्या अधिकारी भरतीची यूपीएससीची परीक्षा) करत बसतात. सी सर्टिफिकेट किमान बी ग्रेडने, पदवीला ५० टक्के, वय १९ ते २५, अविवाहित, एवढं असेल तर यूपीएससीची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जांची छाननी होऊन थेट एसएसबीचं, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या चाचण्या-मुलाखतीचं बोलावणं येतं. निवड झाली की चेन्नईच्या ओटीएमध्ये (अधिकारी प्रशिक्षण अकादमीत) ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण, त्या काळात महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड, आणि मग शॉर्ट सर्व्हिस कमिशन, दहा वर्षांचं, पुढे चौदापर्यंत वाढवता येणारं. तिथे १९९२ पासून मुली प्रशिक्षण घेतायत. जर्मनीचं गणित वेगळं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही (बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे), पण व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात. बाबा वहीत दोन रकाने करून हे लिहीत बसले होते. मी त्यांना सांगितलं, दोन वर्षांचं मास्टर्स करून परत आले तरी माझं वय पंचविसाच्या आतच असेल, एक रस्ता धरला म्हणून दुसरा लगेच बंद होत नाही. हे खरंच आहे, आणि ते कुणी आधी सांगितलं असतं तर वर्षभर मी उगाच कुढले नसते.

पण दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी कागद सारखेच लागतात. सैन्याच्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं असतं की नाव, आई-वडिलांचं नाव, जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच हवी. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद खरे आहेत याची तपासणी, आणि त्याची फी १८,००० रुपये. चुकीच्या नावाच्या गुणपत्रिका पाठवून ते पैसे पणाला लावायची आमची तयारी नव्हती.

जुलैच्या शेवटी सैन्याचा ऑनलाइन फॉर्म भरताना मला तो गळलेला 'एन' दिसला. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या काकांनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "चालतं हो ताई, सगळ्यांचं असंच असतं. कोण बघतंय?" मी जाहिरातीची प्रिंट दाखवली. मग म्हणाले, अर्ज लिहून आणा. आणला. मग म्हणाले, दहावीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत हवी. आणली. मग चलन. मग सहाही गुणपत्रिकांच्या प्रती, कारण आधी मी फक्त शेवटच्या सेमिस्टरची जोडली होती आणि हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट सांगायचे, पुढची गोष्ट पुढच्या वेळी. धायरीहून सिंहगड रोडची गर्दी तुडवत येऊन-जाऊन माझे दोन तास जायचे आणि खिडकीवर दोन मिनिटं मिळायची.

ऑगस्टच्या मध्यात ते म्हणाले, "पाठवलंय विद्यापीठात. आता तिकडून येईल तेव्हा येईल."

मी विश्वास ठेवला. गणपती आले, पुण्यात दहा दिवस काही हलत नाही हे धरूनच होते. विसर्जन झालं, पितृपंधरवडा झाला. मी दर आठवड्याला फोन करत होते, उत्तर तेच: विद्यापीठात आहे. नवरात्रात आई म्हणाली, आपण राजपत्रात नावबदल करून टाकू, मावशीच्या मुलाने केला होता. मी जवळजवळ तयार झाले होते. तसं केलं असतं तर सगळंच बिघडलं असतं, कारण माझं नाव बदलायचं नव्हतंच. चूक एकाच ठिकाणी होती आणि बाकी सगळे कागद बरोबर होते. जिथे चूक झाली तिथलीच दुरुस्त करायची, बरोबर कागदांना हात लावायचा नाही. हे मला आमच्या एनसीसीच्या मॅडमनी समजावलं. आणि त्यांनीच विचारलं, "जावक क्रमांक काय आहे?"

मला तो शब्दच माहीत नव्हता. कुठल्याही ऑफिसात आत येणारा कागद आवक रजिस्टरमध्ये आणि बाहेर जाणारा जावक रजिस्टरमध्ये नोंदवतात. माझा अर्ज कॉलेजातून गेला असेल तर त्याला जावक क्रमांक आणि तारीख असणारच. दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर जाऊन शांतपणे एवढंच म्हणाले, "काका, जावक क्रमांक द्या, मी विद्यापीठात जाऊन चौकशी करते." ते रजिस्टर चाळायला लागले. ऑगस्ट चाळला, सप्टेंबर चाळला. मग उठून मागच्या कपाटाकडे गेले. स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या गठ्ठ्याखाली माझा अर्ज होता, मी लावलेल्या पिवळ्या क्लिपसकट. प्राचार्यांची सहीसुद्धा झालेली नव्हती.

त्या क्षणी मला रडू आलं, रागाने. दोन महिने. मी एसएसबीची तयारी करत होते, पहाटे पाचला उठून पळत होते, रात्री जर्मनचे धडे करत होते, आणि माझा कागद खिडकीपासून सहा फुटांवर पडून होता. काका "राहून गेलं" एवढंच बोलले. मी तिथून हलले नाही. प्राचार्यांची सही त्याच दिवशी दुपारी झाली, जावक शिक्का माझ्यासमोर बसला, आणि टपालाने न पाठवता मी अर्ज हातपोच मागून घेतला. ते देतात. मागावं लागतं.

तुम्ही अर्ज देताना दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "गरज नाही" म्हणाले तरी घ्या. माझ्याकडे पहिल्या दिवसाचा तो शिक्का असता तर मला गप्प बसवता आलं नसतं.

विद्यापीठातलं काम दिवाळी मध्ये येऊनसुद्धा सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नोव्हेंबरच्या मध्यात सहा नव्या गुणपत्रिका हातात आल्या. पदवी प्रमाणपत्र अजून छापलेलं नव्हतं, म्हणून तेही बरोबर नावानेच येईल. दीक्षान्त समारंभानंतर हे लक्षात आलं असतं तर आणखी एक फेरा होता. बाबांनी प्रत्येक गुणपत्रिकेवर आपलं नाव बोट ठेवून वाचलं.

एपीएसचा अर्ज त्याच आठवड्यात भरला. जर्मनीच्या उन्हाळी सेमिस्टरसाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत १५ जानेवारी असते, त्यामुळे जीव टांगणीला होता, पण प्रमाणपत्र वेळेत आलं. युनि-असिस्टमधून (बऱ्याच जर्मन विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणारी संस्था) अर्ज केलेत तर पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात, म्हणून विद्यापीठांची यादी आधीच आखडती ठेवा. मी तीनच निवडली.

एक राहिलं. नाशिक रोडला सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीची तयारी मोफत करून घेतात, राहणं-जेवणसुद्धा. सी सर्टिफिकेट ए किंवा बी ग्रेडचं आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस असेल तर मुलगे-मुली दोघांनाही अर्ज करता येतो, मुलाखत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते. पुण्यात खासगी क्लासची फी विचारून आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते. तिथल्या दहा दिवसांत ग्रुप डिस्कशनमध्ये दुसऱ्याचं पूर्ण ऐकून मग बोलायला मी शिकले.

एसएसबी भोपाळला होती. झेलम एक्स्प्रेसने गेले. तिकीट जपून ठेवा, पहिल्या प्रयत्नाला प्रवासखर्च परत मिळतो. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग झालं, आमच्यातल्या निम्म्याहून जास्त मुली त्याच संध्याकाळी परत गेल्या. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या: बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं, साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, अर्ध्या तासात साठ प्रसंग. हे सगळं बाहेर भरपूर लिहिलेलं आहे, मी वेगळं काय सांगणार. मुलाखतीत मात्र मला विचारलं गेलं, गेल्या सहा महिन्यांत कशाचा सगळ्यात जास्त त्रास झाला? मी पिवळ्या क्लिपसकट सगळं सांगितलं. ते अधिकारी बराच वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं, काकांशी आता बोलतेस का? मी म्हणाले, हो, गुणपत्रिका मिळाल्यावर दाखवायला गेले होते.

कागदपत्रांची तपासणी त्याआधीच, पहिल्या दिवशी झाली होती. टेबलावरच्या हवालदारांनी दहावीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या, "पिताजी का नाम... ग्यानेश्वर" असं उत्तरेकडच्या उच्चारात वाचलं, दोन्हीकडे बोट फिरवलं आणि खूण केली. अर्धं मिनिट.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर (सगळ्या परीक्षकांची शेवटची बैठक) निवड झालेल्यांत माझा चेस्ट नंबर, म्हणजे छातीवर लावलेला क्रमांक, पुकारला. मी आधी आईला फोन केला, मग मॅडमना. मेडिकल झालं आहे, मेरिट लिस्ट लागायची आहे. जर्मनीतल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्रही आलं आहे. ओटीएचा कोर्स एप्रिलमध्ये सुरू होतो आणि तिकडचं उन्हाळी सेमिस्टरही एप्रिलमध्येच. बाबा रोज सकाळी चहा घेताना विचारतात, मेरिटमध्ये नाव आलं तर कुठे? मी चेन्नई म्हणते. ते वही उघडून जर्मनीच्या रकान्यावर पेन्सिलीने लिहितात, "नंतर".