तुम्ही विचारलंत म्हणून: पाहुण्यांना मी नेब्रास्का सिटीलाच का नेते

"अगं पण तिथे बघायला आहे काय?" पुण्याहून आलेल्या आत्यापासून शिकागोच्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारलंय. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहाहून गाडीने तासाभरावर मिसूरी नदीकाठचं एक छोटं गाव, सफरचंदांच्या बागा, एक मोठा पांढरा बंगला आणि भोवती झाडंच झाडं, एवढंच आहे खरंतर. तरी मी प्रत्येकाला नेते. का नेते ते एकदा लिहूनच टाकते.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत राहतात त्यांच्या किचनमध्ये मॉर्टन मिठाचा तो निळा गोल डबा असेल, छत्रीवाली मुलगी असलेला. ती कंपनी उभी केली जॉय मॉर्टनने, आणि हा बंगला त्याच्या आईवडिलांचा. वडील जे. स्टर्लिंग मॉर्टन, आई कॅरोलाइन. ३० ऑक्टोबर १८५४ ला डेट्रॉइटमध्ये लग्न झालं आणि त्याच दिवशी दोघं नेब्रास्काकडे निघाले, नवरा बावीस वर्षांचा, बायको एकवीसची. त्याच वर्षी ओटो आणि मिसूरिया या इथल्या मूळ रहिवासी लोकांकडून तहाने ही जमीन काढून घेतली होती आणि नेब्रास्का टेरिटरी (राज्याचा दर्जा नसलेला प्रदेश) नुकती सुरू झाली होती, म्हणजे या लोकांना जी 'मोकळी' जमीन मिळाली ती मोकळी नव्हतीच, हे मी पाहुण्यांना आधी सांगते.

इथे तेव्हा गवत, गवत आणि गवत. झाड म्हणजे फक्त नदीओढ्यांच्या काठाला. घराला लाकूड नाही, जळण नाही, वारा अडवायला काही नाही. मॉर्टननी १६० एकर घेतले, चार खोल्यांचं घर बांधलं आणि दोघं झाडं लावत सुटले. तो गावच्या पेपरचा संपादक होता, त्यामुळे स्वतः लावायचा आणि शेतकऱ्यांना पेपरातून सांगत राहायचा की तुम्हीही लावा. शेवटी ४ जानेवारी १८७२ ला राज्याच्या शेती मंडळापुढे त्याने ठराव मांडला की एक दिवस फक्त झाडं लावायचा ठेवू, जास्त लावेल त्याला बक्षीस. १० एप्रिलला पहिला आर्बर डे झाला आणि त्या दिवशी दहा लाखांच्या आसपास झाडं लागली असं सांगतात. १८७० ची जनगणना बघा, अख्ख्या राज्याची वस्ती साधारण सव्वा लाख! मला दर वेळी हा आकडा सांगताना अंगावर काटा येतो.

आपल्याकडे १९५० साली कन्हैयालाल मुन्शी कृषिमंत्री असताना वनमहोत्सव सुरू झाला, शाळेत असताना जुलैच्या चिखलात रोपं लावलेली आठवतायत ना? मॉर्टनसुद्धा पुढे देशाचा कृषिमंत्री झाला, १८९३ ते १८९७. गव्हर्नरच्या निवडणुकीत मात्र चार वेळा हरला.

त्याचं सगळंच मला आवडतं असं नाही आणि ते मी लपवत नाही. गुलामांच्या मुक्ततेला त्याचा विरोध होता. तो चांगल्या कामाचा माणूस होता म्हणून हे माफ करून टाकावं असं मला वाटत नाही, आणि हे आहे म्हणून झाडं विसरावीत असंही वाटत नाही. दोन्ही सांगायचं, ऐकणाऱ्याने ठरवावं.

पण मी खरी जाते ती कॅरोलाइनसाठी. बंगल्यात सगळीकडे नवऱ्याचं नाव, आणि त्या उजाड गवतात चार मुलगे वाढवणारी, हाताला माती लावून बाग उभी करणारी बाई ती. थोरल्याचं नाव जॉय ठेवलं तेही तिच्याच नावातलं, कॅरोलाइन जॉय फ्रेंच. ती १८८१ मध्ये गेली, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. आर्बर डेला नेब्रास्कात कायद्याने सुट्टी मिळाली १८८५ साली, तीही नवऱ्याच्या वाढदिवसाला, २२ एप्रिलला. तिला ते बघायला मिळालं नाही.

मुलं मात्र आईची निघाली. पॉल नौदलमंत्री झाला, जॉयने हा बंगला ५२ खोल्यांचा केला आणि १९२३ मध्ये राज्याला देऊन टाकला, त्याच्या आदल्या वर्षी शिकागोजवळ लाइलला झाडांचं मोठं संग्रहालय सुरू केलं. धाकटा कार्ल १९०१ मध्ये गेला, तरणाताठा, आणि वडील पुढच्याच वर्षी.

परतताना मी गाडी वायुका दफनभूमीकडे वळवते. कॅरोलाइनच्या दगडावर चारही मुलांची नावं कोरून घेतली होती आणि बापाने पोरांना सांगितलं होतं म्हणे, की आईला लाज वाटेल असं कोणी वागलं तर त्याचं नाव इथून छिन्नीने काढून टाकीन. चौघांपैकी कुणाचंच नाव काढावं लागलं नाही. आत्या तिथे बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, थांब, पाणी आहे का गाडीत, हे शेजारचं रोप सुकलंय.