वशिला नव्हे, ओळख

ह्युस्टनला ऑडिटमध्ये नोकरीला लागून सहा वर्षं झाली होती, तेव्हा एका मेक्सिकन सहकाऱ्याने विचारलं, "आल्फाच्या विद्यार्थी शाखेत एखाद्या मुलाला मार्गदर्शन करशील का?" आल्फा ही लॅटिनो व्यावसायिकांची जुनी संघटना, 1972 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली. मी सांगलीची, स्पॅनिश बेताचंच. तरी हो म्हटलं.

माझ्या वाट्याला आली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. घरातून कॉलेजला जाणारी पहिलीच. टेक्सासमधली मुलं शिक्षिकेला हाक मारतात तशी मला 'मिस' म्हणायची. रेझ्युमे अर्ध्या पानाचा, त्यात अनुभव म्हणून कपड्यांच्या दुकानातली एका उन्हाळ्याची नोकरी, बस्स.

गप्पांच्या ओघात कळलं, वडिलांचा टाकोचा ट्रक आहे आणि शाळेत असल्यापासून त्याचे हिशेब हीच बघते. 8.25 टक्के विक्रीकर काढायचा, 20 तारखेच्या आत राज्याकडे विवरणपत्र भरायचं, इंग्रजीत आलेली प्रत्येक नोटीस आईवडिलांना स्पॅनिशमध्ये समजावायची.

"हे रेझ्युमेत का नाही?"

"ते घरचं काम ना, मिस."

त्या संध्याकाळी आम्ही तेवढाच एक परिच्छेद लिहीत बसलो. दोन तास गेले, कारण तिचं प्रत्येक वाक्य 'आम्ही'ने सुरू व्हायचं. आकडेमोड तिची, सही वडिलांची, आणि वाक्यात सगळं कुटुंब.

त्याहून अवघड गेलं ते अनोळखी माणसांशी जाऊन बोलणं. तिच्या घरी 'पालांका' हा शब्द होता. मूळ अर्थ तरफ, पण बोलण्यात वशिला. वडिलांनी आयुष्यात कुणाचा वशिला लावला नव्हता, त्यामुळे रिक्रूटरला आपणहून ईमेल करायची तिला लाज वाटायची. मला ते लगेच कळलं. आमच्या आप्पांनीही माझ्या नोकरीसाठी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. मी तिला एवढंच म्हटलं, नोकरी मागू नकोस, त्यांचं काम कसं चालतं ते विचार.

वेळापत्रकाचा मात्र मला अजून राग येतो. मोठ्या ऑडिट फर्म इंटर्नशिपची निवड वर्षभर आधीच, कधी त्याहूनही आधी उरकतात. ज्यांच्या घरी कुणी या क्षेत्रात आहे त्यांना हे जेवताना कळतं. बाकीच्यांना मुदत उलटल्यावर. मग आम्ही फर्मवाल्यांना भेटण्याच्या कार्यक्रमापासून मागे मोजत सगळ्या तारखा एका कागदावर लिहून काढल्या.

कार्यक्रमात मी लांबच उभी राहिले. पहिल्या दोन टेबलांवर ती अडखळली. तिसऱ्यावर कुणीतरी ट्रकबद्दल विचारलं आणि ती विक्रीकरावर दहा मिनिटं बोलली. तिथूनच पुढे मुलाखतीचं बोलावणं आलं, मग उन्हाळ्याची इंटर्नशिप.

यंदा माझ्याकडे तिघं आहेत. पहिल्या भेटीत मी रेझ्युमे मागितलाच नाही. घरी धंदा काय आणि हिशेब कोण लिहितं, एवढंच विचारलं. दोघांनी हात वर केला.