हत्ती झिजला की उठलाच नव्हता?

नागपुरात इतवारीच्या सराफ्यात जुनी नाणी पारखून त्यांची ग्रेड, म्हणजे नाणं किती झिजलंय त्यावरून दर्जा, ठरवणं हे माझं काम. बहुतेक दिवस राणी छाप आणि राजा छाप रुपयांतच जातात. त्यातले कितीतरी घासलेले असतात. कोणी चिंच लावतं, कोणी टूथपेस्ट, कोणी लक्ष्मीपूजनाआधी राख. मग भिंगाखाली बारीक रेघांचं जाळं दिसतं आणि अक्षरं कितीही ठसठशीत असली तरी कार्डावर ‘क्लीन्ड’, म्हणजे घासून साफ केलेलं, लिहावंच लागतं. रीलवाल्यांनी लाखांची स्वप्नं दाखवून लोकांच्या हाती पावडर दिली, हा राग माझ्या मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात महालातल्या एक काकू मुलाला घेऊन आल्या. बटव्यातले १९१८ आणि १९१९ चे रुपये त्याने लख्ख करून आणले होते. एकच काळपट राहिला होता, साल १९११.

“हा घासायचाच राहिला जी. पावडर आहे गाडीत, देऊ का करून?”

“हात नका लावू त्याला!” मी एवढ्या जोरात बोललो की काकू दचकल्या.

पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर एक छोटा हत्ती आहे. १९११ च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली. सुमारे ९४ लाख नाणी पाडली होती, त्यातली ७ लाखच बाहेर गेली, तीही बरीचशी परत घेऊन वितळवली. पुढच्या वर्षापासून हत्ती सुधारला. म्हणून याला पिग रुपी म्हणतात. कोणी १९१२ चा आकडा कोरून १९११ केला तर हत्तीच चुगली करतो, त्यामुळे आधी हत्ती पाहायचा.

या नाण्यावर नेमका तोच सपाट होता. शेजारच्या पेढीवरच्या जुन्या पारख्याने त्यावरूनच ‘व्हीएफ’, म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं, असं सांगून भाव पाडला होता. माणूस अनुभवी आहे, पण तो दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाणी बघतो. ट्यूबलाइटखाली चांदी कधी खरं बोलत नाही.

मी टेबललॅम्प तिरका केला, कडेने धरून नाणं हळू फिरवलं. काळपटीखालून चकाकीचा पट्टा सरकत आला आणि हत्तीवरूनही न तुटता गेला. झीज असती तर तो तिथे तुटला असता, जागा करडी, मऊ दिसली असती. दहापटीच्या भिंगाखाली त्या सपाट भागात ठसा पडण्याआधीच्या चकतीचा खरबरीतपणा तसाच होता. नाणं उलटवलं. हत्तीच्या बरोबर मागची वेलही कच्ची उठलेली. दोन्ही बाजूंचे ठसे खोल असले की धातू दोन्हीकडे पुरत नाही, मग अशी जागा बसत नाही. भुवई, मिशी, मुकुटाचे मणी सगळं धारदार होतं. एकटा हत्ती कसा झिजेल? वजन ११.६४ ग्रॅम, पूर्ण वजन ११.६६. वजनाने निकाल लागत नाही, पण दुजोरा मिळतो.

गालाच्या उंचवट्यावर मात्र चकाकी किंचित मोडलेली दिसली. यूएनसी, म्हणजे अजिबात न झिजलेलं, देता येईना. मी त्याच्या खालचं एयू ५५, म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, लिहिलं.

संध्याकाळी तो पारखी स्वतः आला, माझ्या दिव्याखाली त्याने नाणं पाहिलं. “चकाकी आहे, मान्य. पण गिऱ्हाईक पिग रुपी घेते ते पिगसाठी. तेच दिसत नसन तर पंचावन्नचा पैसा कोन देईन?” त्याचं म्हणणं बाजाराच्या बाजूने खोटं नाही, लिलावात फोटो पाहणारा आधी हत्तीच शोधेल. पण टांकसाळीतून निघाल्यावर नाण्याचं काय झालं हे ग्रेडने सांगायचं, आणि या नाण्याचं फार काही झालंच नव्हतं. टांकसाळीचं उणं त्या घरातल्या माणसांच्या खात्यावर का मांडायचं? कार्डावर मी खाली ‘हत्तीवर ठसा कच्चा’ अशी ओळ जोडली आणि आकडा तसाच ठेवला.

काकूंना पीव्हीसीचं पाकीट वापरू नका म्हणून बजावलं, त्याने नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. मुलाने पावडर फेकली की नाही, माहीत नाही. मी मात्र गालावरच्या त्या डागाशी अडून आहे. तो हातोहात फिरल्याचा, की बटव्यात शेजारच्या रुपयावर घासल्याचा? दुसरं असेल तर एक पायरी वर, एयू अठ्ठावन्न द्यायला हवे होते. काकूंना पुन्हा बोलावलंय, या खेपेला दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी बघणार आहे.