नाव गेलं, सर्व्हर चालूच

सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस चालू, मागची कामं रांगेने उरकणारं साइडकिक चालू, डिस्कवर जागा भरपूर. तरीही निम्म्या लोकांना मास्टोडॉन, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर मिळून चालणारं समाजमाध्यम, उघडत नव्हतं. उरलेल्यांपैकी कुणीतरी गटावर लिहिलं, "माझ्याकडे तर चालू आहे, तुझं वायफाय बघ." असं म्हणणारा दरवेळी असतोच, या वेळी तोही खरंच बोलत होता.

हा सर्व्हर आमचा नव्हे, शेजारचा. काही शे खाती, त्यात मराठीत लिहिणारे बरेच, चालवणारे दोघे हौशी. नाव घेतलं होतं एका छोट्या देशाच्या दोन अक्षरी डोमेनवर, कारण ती दोन अक्षरं शब्दाच्या शेवटाशी छान जुळत होती. आमचा सर्व्हर वेगळा, पण त्यांच्याशी रोजची देवाणघेवाण, म्हणून हाक आली.

डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारणारी 'डिग' ही कमांड चालवली तर उत्तर आलं एनएक्सडोमेन, म्हणजे असं नाव अस्तित्वातच नाही. ट्रेस लावून मुळापासून खाली आलो, तेव्हा त्या देशाच्या नेमसर्व्हरपर्यंत, म्हणजे नावांच्या नोंदी देणाऱ्या मशीनपर्यंत, सगळं ठीक होतं आणि पुढची वाट गायब. हूइजमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदीत, स्थितीच्या ओळीवर सर्व्हर-होल्ड, म्हणजे नाव थांबवलेलं. इथेच अर्धं निदान झालं. क्लायंट-होल्ड असतं तर तो रजिस्ट्रारने, म्हणजे नाव विकणाऱ्या कंपनीने, लावलेला असतो: पैसे थकले, किंवा संपर्काच्या ईमेलची पडताळणी राहिली. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांना आयकॅन या डोमेन-नावांच्या जागतिक संस्थेचा नियम आहे. पडताळणीच्या मेलला १५ दिवसांत उत्तर नाही गेलं तर रजिस्ट्रारने नाव थांबवायचं. ते काही तासांत सुटतं. सर्व्हर-होल्ड मात्र खुद्द रजिस्ट्री, म्हणजे त्या शेवटच्या अक्षरांखालची सगळी नावं सांभाळणारी संस्था, लावते आणि तिथे रजिस्ट्रारचं काही चालत नाही. रजिस्ट्रारकडून उत्तर आलंही तेवढंच: रजिस्ट्रीने नियम बदललेत, तुमचं नाव त्यात बसत नाही.

मुदत संपून गेलेलं डॉट कॉम परत मिळवायला बराच अवधी असतो. आधी रजिस्ट्रारवर अवलंबून ० ते ४५ दिवसांची सवलत, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात दंड भरून नाव सोडवता येतं, आणि शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट, म्हणजे नाव पुसलं जाण्याची वाट. देशांच्या डोमेनना हे वेळापत्रक लागू असेलच असं नाही. तिथे त्या देशाच्या रजिस्ट्रीचे नियम, आणि ते कधी बदलतील ते त्या देशाच्या राजकारणावर.

१२ फेब्रुवारी २०२४ला क्विअर डॉट एएफ हे मास्टोडॉन सर्व्हरचं नाव अफगाणिस्तानच्या दूरसंचार मंत्रालयाने असंच थांबवलं. तालिबानच्या हाताखालच्या रजिस्ट्रीला पैसे द्यायचे नाहीत म्हणून एप्रिलमध्ये मुदत संपताच सर्व्हर बंद करायचा, असं चालवणाऱ्यांनी ठरवलंही होतं; पण तेवढी सवड मिळाली नाही. त्याआधी जुलै २०२३मध्ये मालीचं डॉट एमएल. फ्रीनॉम या डच कंपनीकडे दहा वर्षं त्याचा कारभार होता आणि ती नावं फुकट वाटायची. करार संपला, माली सरकारने ताबा घेतला आणि लेमी डॉट एफएमएचवाय डॉट एमएल हा लेमी या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवरचा सर्व्हर एका फटक्यात नकाशावरून गेला. लेमीत तेव्हा खातं किंवा समूह हलवायची सोयच नव्हती. नव्या नावावर सगळं नव्याने मांडून लोकांना पुन्हा सदस्य व्हायला सांगावं लागलं.

आता "माझ्याकडे चालू आहे" याचं कारण. वरच्या नेमसर्व्हरने नोंद काढली तरी आधी विचारून ठेवलेलं उत्तर प्रत्येक रिझॉल्व्हर, म्हणजे आपल्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर, टीटीएल ही ठरलेली मुदत संपेपर्यंत धरून ठेवतो. डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस. देशांच्या डोमेनमध्ये तो प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. ज्यांच्याकडे अजून उघडत होतं त्यांना पहिलं सांगणं हेच होतं: लॉगिन करा, सेटिंग्जमध्ये जाऊन फॉलो, ब्लॉक, म्यूट, याद्या, बुकमार्क यांच्या सीएसव्ही फाइली उतरवून घ्या, बाकीचं नंतर.

दुपारपर्यंत एक मोह प्रत्येकाला होतो, आणि तो आधीच मोडून काढावा लागतो: नवं डोमेन घ्यायचं, कॉन्फिगमध्ये लोकल डोमेन, म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं नाव, बदलायचं, रीस्टार्ट मारायचा. डेटा तर सगळा आहेच! पण सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या ॲक्टिव्हिटीपबमध्ये खात्याची ओळख म्हणजे एक पूर्ण यूआरएल, डोमेनसकट. पोस्टची ओळख तशीच, संदेशांवर सही करणाऱ्या चावीची ओळखही तशीच. मास्टोडॉन स्थानिक खात्यांचे हे पत्ते डेटाबेसमध्ये न ठेवता लोकल डोमेन आणि वेब डोमेनवरून दरवेळी तयार करतं. ते बदललं की त्याच खात्यातून बाहेर जाणारा पत्ता वेगळा होतो आणि जगाच्या दृष्टीने तो माणूस नवाच ठरतो. आपला डेटाबेस म्हणतो याला आठशे फॉलोअर आहेत. बाहेरच्या एकाही सर्व्हरच्या नोंदीत या नव्या पत्त्याचा एकही फॉलोअर नाही. ही तफावत नंतर कोणत्याही कमांडने मिटत नाही. त्यामुळे लोकल डोमेनला हात लावायचा नाही, जुनं नाव मेलं असलं तरी.

बॅकअप घेतला: पीजी-डंप म्हणजे डेटाबेसची प्रत, मीडियाचं फोल्डर, आणि सेटिंग्जची डॉट-एन्व्ह-प्रॉडक्शन फाइल. मास्टोडॉनच्या ४.३ आवृत्तीपासून तिच्यात ॲक्टिव्ह रेकॉर्ड एन्क्रिप्शनच्या चाव्याही असतात. त्या हरवल्या तर डंपमधला काही भाग वाचताच येत नाही.

मग लोकांना कळवायचं कसं? सर्व्हरवरून मेल पाठवले तर पाठवणाऱ्याचा पत्ता जुन्या डोमेनवरचा. ते डोमेन अस्तित्वातच नसल्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम या मेल खरा असल्याच्या दोन्ही खुणा तपासता येत नाहीत आणि मेल दारातच नाकारले जातात. मेल पाठवण्याच्या एसएमटीपी सेटिंगमधला फ्रॉम-पत्ता आमच्या डोमेनवरचा केला, त्याच्या नोंदी डीएनएसमध्ये घातल्या, मग मेल जायला लागले.

लॉगिनसाठी ऑल्टरनेट डोमेन्स ही सेटिंग कामाला आली. आमच्या डोमेनचं एक सबडोमेन त्या मशीनकडे वळवलं, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये सर्व्हर-नेम वाढवलं, लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र घेतलं आणि ते नाव या सेटिंगमध्ये लिहिलं. याने ओळख बदलत नाही. फक्त दुसऱ्या दाराने आत येता येतं. टाइमलाइन आपोआप पुढे सरकत नव्हती, कारण स्ट्रीमिंगचा पत्ता जुन्याच नावाचा. सेटिंग्जची पानं मात्र व्यवस्थित उघडत होती आणि हवं होतं तेवढंच.

एका जणीला तरीही आत येता येईना. पासवर्ड बरोबर, पण दुसरी पायरी यूएसबीच्या सिक्युरिटी कीची, आणि ती की ब्राउझरमध्ये डोमेनशी बांधलेली असते. सबडोमेन वेगळं म्हणून की सही करायलाच तयार नाही. फिशिंगपासून वाचवायला तिची रचनाच तशी आहे. सहा अंकी कोडवाल्यांना हा त्रास नाही. तिची ओळख फोनवरून पटवून मास्टोडॉनच्या टूटसीटीएल या कमांडने तिचं द्विस्तरीय लॉगिन काढलं, तेव्हा ती आत आली.

आता खरा प्रश्न: फॉलोअर. खातं हलवायचं तर 'मूव्ह', म्हणजे 'मी तिकडे गेलो' असा संदेश, इतर सर्व्हरांना पाठवावा लागतो, आणि सर्वसाधारण समज असा की नाव गेलं की मूव्हही गेला. क्विअर डॉट एएफच्या वेळी फेडिव्हर्सभर, म्हणजे अशा जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात, हाच सूर होता. मास्टोडॉनचा कोड नीट वाचला तर चित्र थोडं वेगळं दिसतं. घराची पाटी काढून नेली म्हणून घरातून पत्र टाकायला कुणी अडवत नाही. आपला सर्व्हर बाहेर जोडणी करतो तेव्हा त्याला समोरच्याचं डीएनएस लागतं, स्वतःचं नाही. समोरचा मास्टोडॉन सही तपासताना आधी आपल्याकडे साठवलेली चावी वापरतो. ती जुळली नाही तरच नवी आणायला धावतो. ज्या सर्व्हरवर आपला एक जरी फॉलोअर आहे, त्याच्याकडे आपली चावी आधीपासून असतेच. आणि मूव्ह हाताळताना तो पाहतो दोनच गोष्टी: सही जुन्या खात्याची आहे का, आणि नव्या खात्याच्या 'हेच माझं जुनं खातं' या यादीत जुना पत्ता आहे का. जुनं खातं तो पुन्हा आणायला जात नाही.

अडचण दुसऱ्या टोकाला होती. नव्या सर्व्हरवर, म्हणजे आमच्याकडे, जुन्या खात्याचा अलायस, म्हणजे वर सांगितलेल्या यादीतली नोंद, जोडायला गेलं की आमचा मास्टोडॉन वेबफिंगर या खातं शोधण्याच्या पद्धतीने ते नाव शोधतो. एका दिवसाच्या आत त्याने ती ओळख ताजी केलेली असेल तर चालतं, नाहीतर शोध फसतो आणि अलायस नाकारला जातो. दोन्ही टोकं ओळखीच्या हातात होती म्हणून मार्ग निघाला: आमच्या रेल्स कन्सोलमधून, म्हणजे मास्टोडॉनला आतून हुकूम द्यायच्या खिडकीतून, प्रत्येक नव्या खात्याच्या ऑल्सो-नोन-ॲज या रकान्यात जुना पूर्ण यूआरएल थेट लिहिला. तो जुन्या सर्व्हरवरच स्क्रिप्टने तयार करून घ्यावा, हाताने टाइप करू नये; एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी मूव्ह गुपचूप टाकून दिला जातो, चूक म्हणून काही कळवलंही जात नाही. अनोळखी मोठ्या सर्व्हरवर जाणाऱ्यांना तिथल्या ॲडमिनकडे हेच मागावं लागलं. काहींनी केलं, काहींनी उत्तरच दिलं नाही.

मग जुन्या मशीनवर टूटसीटीएल अकाउंट्स मायग्रेट, टार्गेटमध्ये नवा पत्ता. अलायस नसेल तर ही कमांड तिथेच थांबते, त्यामुळे ती स्वतःच एक तपासणी आहे. आधी मोजके फॉलोअर असलेलं एकच खातं हलवून पाहिलं. आमच्या सर्व्हरवर फॉलोच्या विनंत्या यायला लागल्या तेव्हा बाकीची खाती गटागटाने घेतली, कारण सगळी एकदम सोडली तर दोन्हीकडच्या साइडकिकच्या रांगा तुंबतात. कुलूप लावलेली नवी खाती तात्पुरती उघडी ठेवायला सांगितली. नाहीतर प्रत्येक जुना फॉलोअर मंजुरीच्या रांगेत उभा राहतो.

सगळे आले नाहीत. काही सॉफ्टवेअर मूव्ह आल्यावर जुनं खातं पुन्हा आणायला जातात, नाव सापडत नाही, आणि काम तिथेच संपतं. पोस्ट तर मुळातच हलत नाहीत; आर्काइव्ह उतरवून घेता येतं, पण मास्टोडॉनमध्ये ते परत आत घालता येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट सीएसव्हीची. त्याच सर्व्हरवरच्या मित्रांचे पत्ते फाइलमध्ये जुन्या डोमेनसकट येतात आणि नव्या जागी आयात करताना ते सापडत नाहीत. बहुतेक जण त्याच टोपणनावाने आमच्याकडे आले होते, म्हणून आयात करण्याआधी एडिटरमध्ये जुनं डोमेन शोधून नवं घातलं की काम भागलं.

दुसऱ्या एका सर्व्हरच्या ॲडमिनने आपल्या मशीनवरच्या नाव-पत्त्यांच्या हॉस्ट्स फाइलमध्ये जुना आयपी लिहून संपर्क चालू ठेवायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण मास्टोडॉन रुबीचा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर वापरतं आणि हॉस्ट्स फाइल पाहतच नाही. अनबाउंड या स्वतः चालवायच्या रिझॉल्व्हरमध्ये लोकल-डेटा घालून ते जमतं, तेही प्रमाणपत्राची मुदत आहे तोवरच. नाव नसताना लेट्स एन्क्रिप्ट ते वाढवून देणार नाही.

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर असं झालं असतं तर? तिथे ओळख म्हणजे डीआयडी-पीएलसी ही अक्षरांची माळ, आणि डोमेन हे नुसतं हँडल, डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीने जोडलेलं. डोमेन गेलं की हँडल अवैध दिसतं. पोस्ट आणि फॉलोअर जागेवर राहतात, नवं हँडल लावलं की झालं. मात्र ही माळ सांभाळणारी डिरेक्टरी एकच आहे, त्यामुळे फुकट काही मिळालेलं नाही. आणि कुणी हौसेने डीआयडी-वेब, म्हणजे डोमेनवरच आधारलेली ओळख, घेतली असेल तर त्याची गत मास्टोडॉनवाल्यासारखीच. नॉस्टर या तिसऱ्या जाळ्यात ओळख निव्वळ चावीची, डोमेन फक्त नावाशेजारच्या खुणेपुरतं. पण चावी हरवली तर दाद मागायला कुणीच नाही.

उरतं ते जुनं नाव. रजिस्ट्रीने उद्या ते विक्रीला काढलं आणि कुणी विकत घेऊन त्याच टोपणनावांची खाती उभी केली, तर पहिल्याच संदेशाला सही जुळणार नाही, समोरचा सर्व्हर नवी चावी आणेल आणि नवा मालक जुन्या माणसाच्या जागी बसेल. यावर उपाय म्हणजे मोठ्या सर्व्हरना ते डोमेन सस्पेंड करायला सांगणं. पण सस्पेंड केलं की त्यांच्याकडे साठलेल्या जुन्या पोस्टही पुसल्या जातात, आणि त्याच आता लोकांना दिसणाऱ्या शेवटच्या प्रती आहेत. चित्रं तर आधीच धोक्यात: इतर सर्व्हरांच्या मीडिया-सफाईत एकदा गेलेलं चित्र परत आणायला मूळ जागाच उरलेली नाही. म्हणून ओळखीच्या ॲडमिनना तेवढ्या डोमेनपुरती सफाई टाळायची विनंती केली आहे. सस्पेंड करण्याच्या विनंतीचं पत्र लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. हूइजमधली स्थितीची ओळ रोज क्रॉन या ठरल्या वेळी काम करणाऱ्या सोयीने तपासली जाते. सर्व्हर-होल्ड जाऊन तिथे दुसरं काही आलं की ते पत्र त्याच दिवशी जाईल.