लॉग-जी कमी का येतो: टॅरंटुलातल्या ताऱ्यांचा माझा अनुभव

मोठ्या मॅजेलन मेघातल्या (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या) टॅरंटुला तेजोमेघात ओ आणि बी प्रकारचे, म्हणजे अतितप्त आणि जड, शेकडो तारे आहेत. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या फ्लेम्स या वर्णपटमापकाने घेतलेले त्यांचे वर्णपट मी स्वयंचलित पद्धतीने तपासले: फास्टविंड या प्रोग्रॅमने आधीच काढलेल्या ताऱ्यांच्या मॉडेल वर्णपटांचा संच (ग्रिड), काय-वर्गाने (मॉडेल आणि निरीक्षण यांतला फरक मोजणाऱ्या आकड्याने) जुळवणी, शेवटी तापमान आणि लॉग-जी (ताऱ्याच्या पृष्ठावरच्या गुरुत्वाचा लॉगॅरिदम). अडलं ते फक्त कंटिन्युअमवर, म्हणजे रेषा सोडून उरणाऱ्या प्रकाशाची पातळी ठरवण्यावर. मॅन्युअलमध्ये त्यावर जेमतेम एक ओळ असते, याचा राग अजून गेलेला नाही.

फ्लेम्सच्या एलआर02 या सेटिंगमध्ये 3960 ते 4564 अँगस्ट्रॉम एवढाच पट्टा मिळतो. एच-डेल्टा (4102) आणि एच-गॅमा (4340) या हायड्रोजनच्या रेषांचे पंख (दोन्ही बाजूंचे उतार) दाबामुळे दूरवर पसरतात आणि लॉग-जी ठरतो तो या पंखांवरूनच. आपोआप बसवलेली बहुपदी पंखांनाच कंटिन्युअम समजते आणि खाली उतरते. पंख उथळ दिसतात, लॉग-जी कमी येतो. गुरुत्व कमी झालं की आयनीकरण वाढतं, म्हणून हेलियम-1 (उदासीन हेलियम) 4471 आणि हेलियम-2 (एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम) 4541 या रेषांचं गुणोत्तर जुळवायला प्रोग्रॅम तापमानही उतरवतो. दोन्ही आकडे एकत्र घसरतात आणि काय-वर्ग मात्र छान दिसतो, म्हणून फसगत लवकर कळत नाही. त्यात 4541 पट्ट्याच्या टोकाजवळ, जिथे बहुपदी हमखास वाकते. ती रेषा पुढच्या एलआर03 सेटिंगमध्येही येते, तिथलीच घ्या.

उपाय असा. पहिल्या फेरीत जे मॉडेल जुळेल त्याने निरीक्षित वर्णपटाला भागा. भागाकारात रेषांच्या गाभ्यापासून (मध्यापासून) निदान 40 अँगस्ट्रॉम दूरचे स्वच्छ तुकडे निवडा, त्यांवर दुसऱ्या किंवा फार तर तिसऱ्या घाताची बहुपदी बसवा, तिने वर्णपट सुधारा आणि जुळवणी पुन्हा चालवा. घात वाढवला तर बहुपदी पंख गिळते. आकडे हलायचे थांबेपर्यंत हे करायचं.

तेजोमेघाचं उत्सर्जन रेषांच्या गाभ्यात भरतं, 4471 मध्येसुद्धा. मग हेलियम-1 कमकुवत दिसून तापमान फुगतं. इथे तेजोमेघ जागोजागी बदलतो, त्यामुळे शेजारच्या आकाशाच्या फायबरने तो नीट वजा होत नाही. गाभा मास्क करणंच (जुळवणीतून वगळणंच) बरं.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: मॉडेलची तरंगलांबी हवेतली की निर्वातातली ते पाहा. 4471 ला फरक सव्वा अँगस्ट्रॉमचा, म्हणजे सेकंदाला सुमारे 84 किमी. इथल्या ताऱ्यांचा आपल्यापासून दूर जाण्याचा वेग सेकंदाला 270 किमीच्या आसपास असतो. सगळेच 190 किंवा 350 दाखवू लागले तर गडबड इथेच आहे.

आणि हेलियमचं प्रमाण ग्रिडच्या टोकाला टेकलं तर तो आकडा वापरू नका. आधी तारा जोडतारा नाही ना, हे वेगवेगळ्या रात्रींच्या वर्णपटांवरून तपासा.